‘होय’ म्हणणाऱ्यांची जबाबदारी

सांगली-साताऱ्याच्या सहकारी पट्ट्यात ‘८८ ची चौकशी’ म्हणजे काय, हे चहाच्या टपरीवरही कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०’ मधले हे कलम. संचालकाने विश्वासघात केला किंवा जाणूनबुजून हयगय केली आणि त्यामुळे बँकेचे, पतसंस्थेचे किंवा कारखान्याचे नुकसान झाले, तर ते किती आणि कुणाच्या वाट्याचे हे ठरवून रक्कम त्या माणसाकडून व्यक्तिशः वसूल करता येते. ठराव एकमताने झाला होता, एवढ्यावर सुटका होत नाही. सांगलीत बुडालेल्या बँकांच्या माजी संचालकांनी या कलमाच्या नोटिसा पाहिल्या आहेत. म्हणून मुरलेला संचालक वादग्रस्त कर्जाचा विषय निघाला की बैठकीतच सांगतो, ‘माझा विरोध प्रोसिडिंगला घ्या.’

हा कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्रेचा, राजकीय घर कऱ्हाड. पुढे याच मुलखाने वसंतदादा पाटील दिले, पृथ्वीराज चव्हाण दिले, दरे गावचे एकनाथ शिंदे दिले. कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद आणि मग विधानसभा हा इथला नेहमीचा चढता रस्ता. पण या रस्त्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडते. पतसंस्थेच्या बैठकीत हात वर करताना जो माणूस घरादारावर जप्ती येण्याच्या धास्तीने दोनदा विचार करतो, तोच आमदार झाला की सबंध राज्याला लागू होणाऱ्या विधेयकाला ‘होय’ म्हणताना त्याला तसली कोणतीही धास्ती उरत नाही. ते विधेयक उद्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, त्यापायी हजारोंचा रोजगार गेला, कुणी तुरुंगात गेले, तरी त्याच्या खिशातून एक रुपया जात नाही. मग असा कायदा करणाऱ्यांना व्यक्तिशः जबाबदार धरता येईल का, धरावे का, आणि धरायचे तर कशासाठी? पुढील पानांचा विषय हा आहे. त्याची ओळख करून देताना पहिले उदाहरण तासगावचे घ्यावे लागते.

तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे रावसाहेब रामराव पाटील, म्हणजे सगळ्यांचे आर. आर. आबा, २००५ मध्ये उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी विधानसभेत डान्सबार बंद करण्याची घोषणा केली. तरुण पोरे पैसा उधळताहेत, संसार मोडताहेत, अशी तक्रार गावोगावच्या आया-बायकांची होती आणि ती खोटी नव्हती. राज्यपाल एस. एम. कृष्णा यांनी वटहुकमाला मान्यता दिली नाही, तेव्हा सरकारने विधेयक आणले. जुलै २००५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते एकमताने मंजूर केले आणि मुंबई पोलीस अधिनियमात ‘३३ अ’ व ‘३३ ब’ ही दोन कलमे आली. पहिल्याने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बारमधील नाचावर बंदी घातली. दुसऱ्याने जिमखाने, क्लब आणि तीन तारांकित व त्यावरील हॉटेले या बंदीतून वगळली.

या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि खटला अडला तो या सवलतीपाशी. तोच नाच श्रीमंत गिऱ्हाइकापुढे झाला तर चालतो आणि साध्या बारमध्ये झाला तर समाज बिघडतो, असे कायद्याने गृहीत धरले होते. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. एफ. आय. रिबेलो आणि न्या. रोशन दळवी यांच्या खंडपीठाने बंदी घटनाबाह्य ठरवली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. अपील निकाली निघेपर्यंत बार बंदच राहिले. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्या. सुरिंदर सिंह निज्जर यांनी उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. समानतेचा आणि व्यवसायाचा हक्क मोडला गेला, आणि ज्या बायकांच्या प्रतिष्ठेसाठी कायदा केला त्यांनाच त्याने अधिक वाईट परिस्थितीत ढकलले, असा त्या निकालाचा आशय होता.

आठ वर्षे! न्यायालयापुढे आलेल्या माहितीत बारबालांची संख्या सुमारे ७५ हजार सांगितली गेली होती. त्यांपैकी कुणालाही या आठ वर्षांची भरपाई मिळाली नाही. दोन्ही न्यायालयांत सरकारच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांचे शुल्क तिजोरीतून गेले, म्हणजे कर भरणाऱ्यांच्या पैशातून. २००५ च्या सभागृहातल्या एकाही सदस्याला त्याबद्दल काही विचारले गेले नाही.

इथे गोष्ट संपती तरी एक वेळ समजून घेता आले असते. पण निकालानंतर वर्षही उलटले नाही तोच, जून २०१४ मध्ये, विधानसभेने नवी दुरुस्ती चर्चेविना मंजूर केली. या वेळी तारांकित हॉटेलांची सवलत काढून टाकली आणि बंदी सरसकट केली. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१६ मध्ये, सरकार बदललेले असताना, तिसरा कायदा आला. १७ जानेवारी २०१९ रोजी न्या. अर्जन कुमार सिकरी आणि न्या. अशोक भूषण यांनी त्यातल्या अनेक अटी रद्द केल्या. धार्मिक स्थळापासून किंवा शाळेपासून एक किलोमीटरचे अंतर, नाचाच्या जागी सीसीटीव्ही, मद्यबंदी या अटी गेल्या. वेळेची मर्यादा आणि पैसे उधळण्यावरची मनाई टिकली. चौदा वर्षांत तीन कायदे, दोन आघाड्यांची सरकारे, आणि सभागृहातला विरोध जवळपास शून्य.

आबांच्याच कारकिर्दीत जबाबदारीचे आणखी दोन प्रसंग घडले, आणि ते या विषयाला फार उपयोगी आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर पत्रकारांशी बोलताना त्यांच्या तोंडून एक वाक्य गेले. मोठ्या शहरांत असे छोटे प्रकार घडतात, असा त्याचा अर्थ निघाला. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०१२ चा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते पसंत करणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना पोलिसांनी अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ हे कलम तेव्हा लावले गेले. आबा पुन्हा गृहमंत्री होते. देशभर गदारोळ उठल्यावर पोलीस अधीक्षक आणि वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. पुढे २४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल’ खटल्यात ते कलमच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेने ते चर्चेविना मंजूर केले होते. एका वाक्याने मंत्र्याचे पद गेले आणि कलम राबवणाऱ्या पोलिसांवर निलंबन आले. कलम मंजूर करणाऱ्या खासदारांचे काय झाले, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

यामागे कुणाची मेहेरबानी नाही, संविधानाची तरतूद आहे. अनुच्छेद १९४ नुसार विधिमंडळात बोललेल्या शब्दाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल आमदारावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. खासदारांसाठी हेच संरक्षण अनुच्छेद १०५ मध्ये आहे. दुसरीकडे अनुच्छेद १३ सांगतो की मूलभूत हक्क हिरावणारा कायदा राज्याने करू नये, आणि केला तर तेवढ्यापुरता तो शून्य. कायदा रद्द होतो. तो करणारा अस्पर्श राहतो. शिवाय १९८५ च्या ‘के. नागराज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विधिमंडळाला सामूहिकरीत्या दुष्ट हेतू चिकटवता येत नाही.

हे संरक्षण कुठून आले ते विसरून पुढे जाता येणार नाही. इंग्लंडमध्ये १६२९ साली राजा पहिला चार्ल्स याने पार्लमेंटमधल्या वागणुकीबद्दल सर जॉन एलियट आणि त्यांच्या सोबत्यांना कैदेत टाकले. एलियट टॉवर ऑफ लंडनमध्येच वारले. १६८९ च्या हक्कांच्या सनदेने सभागृहातील बोलणे न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले, ते असल्या अनुभवांतून. सत्ताधाऱ्याच्या विरोधात बोलणाऱ्याला वाचवण्यासाठी बांधलेली ही भिंत आहे. ती सरसकट पाडली तर पहिला मार एकट्या-दुकट्या विरोधी सदस्याला बसेल, कारण मुंबईपासून जिल्ह्यापर्यंत खटले भरण्याची यंत्रणा सरकारच्याच हाती असते. भिंतीला खिडक्या पाडता येतात हेही खरे. ४ मार्च २०२४ रोजी ‘सीता सोरेन’ प्रकरणात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९९८ चा नरसिंह राव निकाल फिरवला. मतासाठी लाच घेणाऱ्याला हे संरक्षण मिळणार नाही, असे ठरले. पण लाच सिद्ध करता येते. ‘घटनाबाह्य कायदा जाणूनबुजून केला’ हे कसे सिद्ध करणार?

जगात हा प्रयोग झालेला आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये ‘ग्राफे पारानोमोन’ नावाचा दावा सुरू झाला. नागरिकांच्या सभेत मांडलेला ठराव प्रचलित कायद्यांच्या विरुद्ध असेल तर तो मांडणाऱ्यावर कुणीही नागरिक खटला भरू शके. ठराव मंजूर झालेला असला तरी भरता येई. दोष सिद्ध झाला की दंड, आणि तीनदा झाला की पुन्हा ठराव मांडण्याचा हक्कच जाई. वर्ष उलटल्यावरही ठराव रद्द होऊ शके, मांडणारा मात्र सुटे. ऐकायला हे फार न्याय्य वाटते. प्रत्यक्षात या दाव्याचे राजकीय हत्यार झाले. अरिस्टोफॉन नावाचा पुढारी आपण अशा ७५ खटल्यांतून निर्दोष सुटलो अशी बढाई मारीत असे. ख्रिस्तपूर्व ३३० मध्ये एस्किनीस या वक्त्याने असाच खटला चालवला. नाव ठराव मांडणाऱ्या टेसिफॉनचे होते, नेम प्रतिस्पर्धी वक्ता डेमोस्थेनीसवर होता. एस्किनीसला पंचांची एक पंचमांशही मते मिळाली नाहीत, दंड झाला आणि तो अथेन्स सोडून गेला. लोक्री नावाच्या ग्रीक नगराबद्दल डेमोस्थेनीसने याहून कडक गोष्ट सांगितली आहे. तिथे नवा कायदा सुचवणाऱ्याने गळ्यात फास अडकवून उभे राहायचे, आणि कायदा नापसंत झाला तर फास ओढायचा. दोनशे वर्षांत तिथे जेमतेम एक नवा कायदा झाला म्हणे.

सातारा जिल्ह्याला, ज्यात तेव्हा आजचा सांगलीचा बराच भाग होता, माणूस धरून जाब विचारण्याची स्वतःची परंपराही आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले. सावकार, दरोडेखोर, सरकारी खबरे यांना लोकांसमोर उभे केले गेले. तळपायांवर मारण्याच्या शिक्षेमुळे ‘पत्री सरकार’ हे नाव पडले. त्या काळातल्या कहाण्या इथे आजही अभिमानाने सांगितल्या जातात. पारतंत्र्यात, दाद मागायला जागाच नसताना, त्या न्यायाला अर्थ होता. त्यात अपील नव्हते, पुराव्याचे नियम नव्हते. आणि ज्या व्यवस्थेत अपिलाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाट आहे तिथे रागाच्या भरात शिक्षा ठरवता येत नाही.

शिक्षेची कल्पना व्यवहारात कुठे अडखळते, ते याच दोन जिल्ह्यांतल्या आवडीच्या विषयावर तपासून पाहता येते. ७ मे २०१४ रोजी ‘ए. नागराज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बेकायदा ठरवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून शर्यतींना वाट दिली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती वाट अडवली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे परिसरात विधान परिषदेचे सदस्य गोपीचंद पडळकर यांनी बंदी झुगारून शर्यत भरवली आणि त्यांच्यासह अनेकांवर गुन्हे दाखल झाले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्राची दुरुस्ती वैध ठरवली. आता २०१७ च्या आमदारांचा हिशेब कसा मांडायचा? २०१४ चा निकाल समोर ठेवून पाहिले तर त्यांनी न्यायालयाला वळसा घातला होता. २०२३ चा निकाल पाहिला तर त्यांनी आपले काम चोख केले होते. त्याच बाकांवरच्या त्याच मताला सहा वर्षांत दोन अर्थ मिळाले.

मराठा आरक्षणाची कहाणी आणखी गुंतागुंतीची आहे. जुलै २०१४ मध्ये कऱ्हाडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना १६ टक्क्यांचा वटहुकूम निघाला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी फडणवीस सरकारच्या काळात दोन्ही सभागृहांनी नवा कायदा एकमताने केला. २७ जून २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो टक्केवारी कमी करून वैध ठरवला आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी रद्द केला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी शिंदे सरकारने १० टक्क्यांचा पुढचा कायदा आणला. या सगळ्यात निवड यादीत नाव येऊनही नेमणुकीसाठी ताटकळलेली पोरे होती, प्रवेश घेऊन धास्तावलेले विद्यार्थी होते. त्यांचे नुकसान खरे होते. पण ज्या कायद्याबद्दल उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचेच मत वेगवेगळे पडते, तो करणाऱ्या आमदाराने आधी काय ओळखायला हवे होते?

तेव्हा निकालाच्या आधारे शिक्षा ही कल्पना फार दूर जात नाही. याचा अर्थ आजची व्यवस्था ठीक आहे असा मात्र मुळीच नाही, कारण व्यक्तिगत जबाबदारी तिच्यातही आहे; ती उलट्या दिशेने चालते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आणले. पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. ‘किहोतो होलोहान’ खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद मोठ्या प्रमाणात कायम ठेवली. सरकार टिकण्याचा प्रश्न किंवा पक्षाचे मूलभूत धोरण यांपुरताच व्हिप असावा, अशी अपेक्षाही तेव्हा व्यक्त झाली. पक्षांनी ती मनावर घेतली नाही. एखादे विधेयक संविधानाविरुद्ध आहे असे प्रामाणिकपणे वाटून आमदाराने विरोधात मत दिले, तर त्याची आमदारकी धोक्यात. गप्प राहून ‘होय’ म्हटले, तर काहीच धोका नाही. संविधानाबद्दल निष्ठा बाळगण्याची शपथ त्याने अनुच्छेद १८८ खाली घेतलेली असते. प्रत्यक्षात निष्ठेची किंमत पक्ष ठरवतो.

दुसरी अडचण आणखी साधी आहे: कुणी काय मत दिले तेच कळत नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष अनुकूल सदस्यांना ‘होय’ आणि प्रतिकूल सदस्यांना ‘नाही’ म्हणायला सांगतात, आवाजाचा अंदाज घेतात आणि विधेयक संमत झाल्याचे जाहीर करतात. कुणी मतविभागणी मागितली तरच नावे नोंदली जातात. २००५ च्या डान्सबार विधेयकाला तासगावच्या, वाळव्याच्या किंवा पाटणच्या आमदाराने स्वतः काय म्हटले, त्या दिवशी तो सभागृहात होता की नाही, हे मतदाराला मताच्या नोंदीतून शोधता येणार नाही. सहकारी संचालकाला जबाबदार धरता येते ते प्रोसिडिंग बुकामुळे. त्यात हजेरी असते, ठराव असतो, नोंदवलेला विरोध असतो. विधानसभेतल्या एकमताला चेहरा नाही, म्हणून त्याला जाबही विचारता येत नाही.

म्हणून या विषयाचा अभ्यास शिक्षेच्या कलमापासून सुरू न होता नोंदीपासून सुरू व्हायला हवा, अशी या प्रस्तावनेची भूमिका आहे. त्यासाठी लागणारी बरीच सामग्री संविधानात आधीच आहे. अनुच्छेद १७७ नुसार राज्याचा महाधिवक्ता दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, फक्त मत देऊ शकत नाही. मूलभूत हक्कांना हात घालणाऱ्या विधेयकावर त्याने सभागृहात उभे राहून आपले मत सांगावे आणि ते छापले जावे, यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. न्यूझीलंडच्या १९९० च्या कायद्यानुसार एखादे विधेयक हक्कांशी विसंगत दिसले तर तिथल्या ॲटर्नी जनरलला तसे संसदेला कळवावेच लागते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या मानवी हक्क कायद्यानुसार विधेयक आणणारा मंत्री ते हक्कांशी सुसंगत आहे असे स्वतःच्या सहीने सांगतो, किंवा तसे सांगू शकत नसलो तरी विधेयक पुढे न्यायचे आहे असे उघडपणे मान्य करतो. या निवेदनाबद्दल त्याला कुणी तुरुंगात टाकत नाही. पण पाच वर्षांनी न्यायालयात काही वेगळे घडले तर कागद समोर असतो, त्यावर नाव असते, आणि निवडणुकीच्या सभेत तो फडकवता येतो.

पुढील पानांत हे प्रश्न एकेक करून घेतले आहेत. हक्कांवर मर्यादा घालणाऱ्या प्रत्येक विधेयकाला नावनिशीवार मतदान सक्तीचे करता येईल का? अशा विधेयकांपुरता व्हिप शिथिल करायचा तर दहाव्या परिशिष्टात नेमका कोणता बदल लागेल? न्यायालयाने कायदा रद्द केल्यावर तो निकाल ठरावीक मुदतीत सभागृहापुढे ठेवून त्यावर चर्चा सक्तीची करावी का, म्हणजे २०१४ सारखी चर्चेविना पुनरावृत्ती होणार नाही? रद्द झालेल्या कायद्यामुळे ज्यांचे प्रत्यक्ष नुकसान झाले त्यांना भरपाई कुणी द्यावी? १९८३ च्या ‘रुदुल साह’ खटल्यात बेकायदा कैदेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने राज्याला भरपाई द्यायला लावली होती. ते तत्त्व कायद्यामुळे गेलेल्या रोजगारापर्यंत ताणता येईल का? आणि शेवटी, निकाल स्वच्छ असताना तोच रद्द झालेला मजकूर पुन्हा मंजूर करणाऱ्यांसाठी, फक्त तेवढ्यांसाठी, अनुच्छेद १९४ च्या संरक्षणात अपवाद करावा का? यांतल्या शेवटच्या प्रश्नावर मतभेद सर्वांत तीव्र आहेत, आणि पहिल्या प्रश्नासाठी विधानसभेच्या नियमावलीत एक दुरुस्ती पुरेशी आहे. चर्चेची सुरुवात म्हणून तिथूनच केली आहे.